खाऱ्या वाऱ्यातला काऊबॉय : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बोटीच्या पंख्यांबद्दल, म्हणजे पाण्यातल्या प्रोपेलरबद्दल, लिहिताना मी जाताजाता एक वाक्य टाकलं होतं, की आपल्याकडे बोटीवर नोकरी केलेल्यांच्या घरात शोकेसमध्ये हमखास एक ब्रॉन्झचा अमेरिकन घोडेस्वार सापडतो. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आलेत की पंख्याचं कुणी विचारलंच नाही. चला, यावेळी घोडेस्वारच घेऊ. मी काही म्युझियमवाला नाही, तीस वर्षं गनमेटलचे (तेही एक प्रकारचं ब्रॉन्झच) पंखे आणि बुश ओतले, त्यामुळे धातूचं जे कळतं ते धातूच्या बाजूने सांगतो, आणि या अमेरिकन मूर्तींचा नाद मला नंतर लागला तो अजून सुटलेला नाही.

प्रश्न : माझे मोठे काका मर्चंट नेव्हीत होते, त्यांनी १९८०च्या आसपास अमेरिकेतून एक मूर्ती आणली. घोडा मागच्या दोन पायांवर उभा, वर काऊबॉय, हातात चाबूक, खाली काळा संगमरवरी बेस, आणि बाजूला फ्रेडरिक रेमिंग्टन अशी सही कोरलेली. उंची साधारण दीड फूट. मुलगा म्हणतो नेटवर याच मूर्तीची किंमत कोटीत दाखवतात. काकी म्हणतात बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. काय करू? (देवगड)

दादा, आधी काकींना सांगा की लॉकरचं भाडं वाचवा.

तुमच्याकडे जी आहे ती 'ब्रॉन्को बस्टर' या मूर्तीची कॉपी आहे, म्हणजे न माणसाळलेल्या घोड्याला वठणीवर आणणारा गडी. रेमिंग्टन हा मुळात मासिकांसाठी चित्रं काढणारा माणूस, जन्म १८६१चा, आणि १८९५मध्ये त्याने पहिल्यांदा मूर्ती केली ती हीच. पहिल्याच फटक्यात असं धाडस केलं की बघून ओतकाम करणाऱ्याच्या पोटात गोळा यावा, कारण घोडा आणि माणूस असं सगळं वजन मागच्या दोन खुरांवर आहे, बाकी सगळं हवेत. १८९८ला थिओडोर रूझवेल्ट, जे पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले, क्यूबाच्या लढाईतून परत आले तेव्हा त्यांच्या पलटणीतल्या गड्यांनी हीच मूर्ती त्यांना भेट दिली, आणि बऱ्याच अमेरिकन अध्यक्षांचं ऑफिस टीव्हीवर दाखवायचे तेव्हा मागे टेबलावर जो उधळलेला घोडा दिसायचा तोसुद्धा हाच.

आता तुमची खरी का नाही. पहिली गोष्ट म्हणजे संगमरवर. रेमिंग्टनच्या वेळच्या मूर्तींचा बेस ब्रॉन्झचाच, मूर्तीबरोबर ओतलेला, खडबडीत जमिनीसारखा असायचा. खाली पॉलिश केलेला काळा किंवा हिरवा मार्बल लावायची पद्धत नंतरच्या कॉपीवाल्यांची, शोकेसमध्ये भारी दिसतं आणि हलक्या मूर्तीला वजनही येतं. दुसरी गोष्ट उंची, मूळ मूर्ती जवळजवळ दोन फुटांची आहे, तुमची दीड फूट म्हणजे ती लहान करूनच केलेली. तिसरी गोष्ट फाउंड्रीचा शिक्का. सुरुवातीच्या मूर्ती हेन्री-बोनार्ड या न्यूयॉर्कच्या कारखान्यात वाळूच्या साच्यात ओतल्या, आणि १९००च्या सुमारास रेमिंग्टन रोमन ब्रॉन्झ वर्क्सकडे गेला, तिथे मेण वितळवून ओतायची पद्धत होती. त्या कारखान्याचं नाव बेसवर असतं आणि खालच्या बाजूला त्या ओताचा नंबर असतो. नुसती कलाकाराची सही असून काही होत नाही, कारण कॉपी करताना साचा घेतला की सही आपोआप येते, जशी आपल्या गणपतीच्या साच्यातून सोंडेवरची रेघ येते.

एक गंमत सांगतो, ही आमच्या धंद्यातली आहे. ब्रॉन्झ थंड होताना आकसतो, दर फुटाला दीड-दोन दोरे (दोरा म्हणजे इंचाचा आठवा भाग) धरा, म्हणून पंख्याचा लाकडी पॅटर्न, म्हणजे साचा घ्यायचा नमुना, करताना आम्ही तो आधीच थोडा मोठा करायचो. आता कुणी तयार मूर्तीवरच साचा घेतला आणि त्यात परत ओतलं तर नवीन मूर्ती मूळपेक्षा तेवढी लहान येणार, दोन फुटांच्या मूर्तीला जवळपास एक सेंटीमीटर. म्हणून जाणकार माणूस कॅलिपर घेऊन खुरापासून टोपीपर्यंत मोजतो. शिवाय कॉपीची कॉपी झाली की बारीक काम मरतं, घोड्याची आयाळ साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत होते, लगाम कुठे संपतो आणि मान कुठे सुरू होते ते कळत नाही. मेणाच्या पद्धतीत रेमिंग्टन स्वतः प्रत्येक मेणावर हात फिरवायचा, त्यामुळे त्याच मूर्तीच्या काही प्रतींमध्ये काऊबॉयच्या पायावर केसाळ चामडं आहे आणि काहींत साधं. असा फरक कॉपीत शोधून सापडायचा नाही.

रेमिंग्टन १९०९ला गेला, बायको १९१८ला. नंतर कॉपीराइट संपले आणि मग काय, ज्याला वाटेल त्याने ओतावं, त्यात बेकायदा काहीच नाही. त्यामुळे तुमच्या काकांना कुणी फसवलं असंही म्हणू नका, त्यांना घोडा आवडला, पगारातून घेतला, बोटीवरून सांभाळून आणला. पुसून दर्शनी भागात ठेवा. दर्शनी भागात म्हणजे समुद्राकडच्या खिडकीत नाही, ते का ते पुढच्या पत्रात.

प्रश्न : आमचं गुहागरला छोटं होमस्टे आहे. एका अमेरिकन जोडप्याने जाताना ब्रॉन्झचा बायसन भेट दिला, हाताएवढा, सुंदर चॉकलेटी रंगाचा. पाऊस संपता संपता त्याच्या पायाशी फिक्या हिरव्या रंगाचे ठिपके आले, पावडरसारखे, पुसले तर जातात आणि आठ दिवसांत परत येतात. सासूबाई म्हणतात चिंच आणि मीठ लावून घास, देवाची भांडी घासतो तसं, लख्ख होईल. घासू का? (गुहागर)

ताई, नको! सासूबाईंची माफी मागून सांगतो, नको.

हे लिहिताना मलाच लाज वाटते, कारण मी हेच केलेलं आहे. माझ्याकडे पहिली मूर्ती आली एक छोटं अस्वल, आणि आयुष्यभर गनमेटल लेथवर चकाकताना बघितल्यामुळे मला त्याचा काळपट रंग म्हणजे मळ वाटला. रविवारी सकाळी चिंच लावून नारळाच्या काथ्याने घासलं. अस्वल असं चमकलं की देवळातल्या समईशेजारी शोभावं, आणि मग एका जाणत्या माणसाने बघून कपाळाला हात लावला. तो रंग मळ नसतो हो, तो मुद्दाम आणलेला असतो. मूर्ती गॅसच्या बर्नरने गरम करतात आणि ब्रशने रसायनं मारतात, गंधकाचा क्षार मारला की काळा-चॉकलेटी, लोखंडाचं नायट्रेट मारलं की लालसर-तपकिरी, तांब्याचं नायट्रेट मारलं की हिरवा-निळा, आणि वरून मेण. त्याला पॅटिना म्हणतात. अर्धी कला त्या रंगात असते आणि मी ती एका रविवारात मोरीत घालवली.

आता तुमचे ठिपके. हिरवा रंग दोन प्रकारचा असतो. एक घट्ट, गुळगुळीत, अंगाला धरून बसलेला, तो चांगला, तो धातूचं रक्षण करतो. दुसरा फिका, पोपटी-पांढरट, पावडरसारखा, पुसला की खाली बारीक खड्डा दिसतो आणि परत येतो. याला इंग्रजीत सरळ ब्रॉन्झचा रोग म्हणतात आणि नाव बरोबर आहे, कारण तो पसरतो. कारण आपलं मीठ. खाऱ्या वाऱ्यातलं क्लोराइड तांब्याशी जुळतं, मग हवेतली ओल आणि ऑक्सिजन मिळाला की त्यातून थोडं अ‍ॅसिड तयार होतं, ते आणखी तांबं खातं, त्यातून परत क्लोराइड तयार, आणि चक्र चालूच. पंचेचाळीस टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की हा रोग जागा होतो म्हणतात आणि आपल्याकडे जुलैत तर नव्वद. जिथे दाराच्या कड्या, गॅसचा रेग्युलेटर आणि नवा फ्रिज दोन पावसाळ्यांत गंजतो तिथे बिचाऱ्या बायसनने काय करावं? आणि त्यावर तुम्ही वरून चिंच-मीठ लावणार, म्हणजे रोग्याला रोगच पाजल्यासारखं.

काय करायचं ते सांगतो. बांबूची टोकदार काडी घ्या, सुई किंवा तारेचा ब्रश नको, आणि पावडर कोरडीच खरवडून काढा. मग डिस्टिल्ड वॉटर, गाडीच्या बॅटरीत घालतात ते, नळाचं किंवा विहिरीचं नाही, त्याने कापसाने टिपून घ्या, दोनतीनदा, आणि लगेच हेअर ड्रायरने सुकवा. पूर्ण सुकलं पाहिजे, खाचाखोचांसकट. थोडं कोमट असतानाच मेणाचा पातळ हात द्या, मायक्रोक्रिस्टलाइन वॅक्स मिळालं तर उत्तम, नाहीतर शुद्ध मधमाशीचं मेण चालेल, आणि अर्ध्या तासाने सुती फडक्याने हलकं चोळा. मेण म्हणजे त्याचा रेनकोट. वर्षातून दोनदा द्या, एकदा मेअखेर आणि एकदा दिवाळीच्या साफसफाईत. पावसाळ्याचे चार महिने मूर्ती सरळ हवाबंद डब्यात, आत सिलिका जेलच्या पुड्या, ज्या बुटांच्या खोक्यात येतात त्याच पण मोठ्या आणि थोड्या जास्त, आणि महिन्याने त्या वाळवून परत घाला. डेकोरेशन म्हणून मूर्तीखाली समुद्राची वाळू आणि शिंपले ठेवले असतील (होमस्टेवाले ठेवतातच) तर आजच काढा, मीठ तुम्हीच पायाशी नेऊन ठेवलंय. एवढं करूनही ठिपके येतच राहिले तर मात्र मुंबईत म्युझियमच्या दर्जाचं काम करणारा संवर्धक शोधा, घरच्या घरी केमिकल मारू नका.

आणि पाहुण्यांना तो 'अमेरिकन गवा' म्हणून दाखवू नका. आपल्याकडे सह्याद्रीतून उतरून भातात शिरतो तो गवा वेगळा, हा वेगळा. त्याच्या जातीची कहाणीच वेगळी आहे, कोट्यवधींचे कळप होते आणि रेल्वे आली, कातड्याचा धंदा आला, गोळ्या घातल्या, आणि १८८०चं दशक संपेपर्यंत हजारभरसुद्धा उरले नव्हते. मग जवळजवळ संपल्यावर लोकांना त्याचा पुळका आला, १९१३ला जेम्स अर्ल फ्रेझर या शिल्पकाराने पाच सेंटच्या नाण्यावर एका बाजूला बायसन आणि दुसऱ्या बाजूला मूळ रहिवाशाचा चेहरा घातला. दोघांचंही राज्य गेल्यावर दोघंही नाण्यावर! २०१६पासून तो अमेरिकेचा राष्ट्रीय सस्तन प्राणी आहे.

प्रश्न : ऑनलाइन 'कोल्ड कास्ट ब्रॉन्झ' गरुड दिसतोय, किंमत फारच कमी. घेऊ का? आणि खरं ब्रॉन्झ कसं ओळखायचं? (चिपळूण)

आवडला तर घ्या, पण ब्रॉन्झ म्हणून घेऊ नका. कोल्ड कास्ट म्हणजे प्लास्टिकच्या रेझिनमध्ये ब्रॉन्झची भुकटी मिसळून साच्यात घातलेली वस्तू, भट्टीचा संबंधच नाही. हातात घेतली की थंड लागत नाही, नखाने टिचकी मारली की टक्क असा मेलेला आवाज, ब्रॉन्झ थोडंतरी गुणगुणतं. घरी काशाची वाटी असेल, उन्हाळ्यात तळपाय घासायची, तिला टिचकी मारून कान तयार करा, कासं हे ब्रॉन्झच आहे, फक्त कथिल जास्त. लोहचुंबक चिकटला तर आत लोखंड आहे, पण नाही चिकटला म्हणून ब्रॉन्झ असं नाही, जस्तालाही चुंबक चिकटत नाही आणि जुन्या स्वस्त मूर्ती जस्ताच्या करून वर ब्रॉन्झचा रंग देत. त्यासाठी तळाला, दिसणार नाही तिथे, जरासं खरवडा, आत चांदीसारखं पांढरं दिसलं तर जस्त, लालसर सोनेरी दिसलं तर बरोबर. हल्ली अमेरिकेत बहुतेक मूर्ती सिलिकॉन ब्रॉन्झच्या असतात, तांबं पंच्याण्णव टक्के आणि कथिल नाहीच, तरी त्याला ब्रॉन्झच म्हणतात आणि त्यात फसवणूक नाही.

प्रश्न : मूर्तीखाली १२/५० लिहिलंय. आकडा लहान असला की किंमत जास्त का? (अलिबाग)

पन्नासांपैकी बारावी, एवढाच अर्थ. साचा नीट असेल तर पहिली आणि पन्नासावी यात डोळ्याला फरक दिसत नाही. मी तर पन्नासाचा आकडा आधी बघतो. ५० आणि ५०००, यात फरक आहे.

प्रश्न : त्या अमेरिकन गुराख्यांचा आमका काय करूचा असा? आपल्याकडे शिल्पकार नाहीत की जनावरं नाहीत? तुम्ही पण त्यांचेच गोडवे गाताय. (मालवण)

पत्र झणझणीत आहे, मालवणातून आलंय म्हणजे असणारच. तुमचं अर्धं मान्य.

पहिलं मान्य असं की त्या मूर्तींमधली 'फ्रंटियर', म्हणजे पश्चिमेकडे सरकत जाणारी वस्तीची सरहद्द, बरीचशी आठवणीतली आहे. १८९०च्या जनगणनेनंतर अमेरिकन सरकारनेच सांगितलं की आता सरहद्द अशी काही उरली नाही, आणि रेमिंग्टनची पहिली मूर्ती १८९५ची, तीही न्यूयॉर्कजवळच्या न्यू रोशेलच्या स्टुडिओत बसून केलेली. पश्चिमेत तो फिरला होता पण राहिला पूर्वेलाच. मला स्वतःला चार्ल्स रसेल जवळचा वाटतो, तो सोळाव्या वर्षी, १८८०मध्ये, सेंट लुईसचं घर सोडून मोंटानात गेला, रात्री गुरं राखली, खिशात मेणाचा गोळा ठेवून बोलता बोलता बोटांनी जनावरं करायचा म्हणतात, आणि सहीशेजारी बायसनची कवटी काढायचा. त्याच्या घोड्याच्या पाठीवर बसलेला माणूस थकलेला दिसतो, रेमिंग्टनचा माणूस कायम शूर. हे माझं मत, रेमिंग्टनवाले रागावतील. आणि ज्यांची जमीन गेली त्यांचं काय, हा प्रश्न या मूर्तींना विचारायलाच हवा. फ्रेझरने १९१५च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात मान टाकलेला घोडा आणि त्यावर मान टाकलेला मूळ रहिवासी स्वार केला, नाव 'एंड ऑफ द ट्रेल', म्हणजे वाटेचा शेवट. लोक हळहळले, आणि मग त्याचीही छोटी-छोटी ब्रॉन्झं शोकेससाठी निघाली. हळहळसुद्धा विकता येते.

पण न मान्य असं की आपल्याकडे नाही म्हणून आपण त्यांचं बघतो, हे खोटं. आपल्याकडे आहे आणि आपण बघत नाही. अहिल्यानगर (आधीच्या अहमदनगर) जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबादला १९७४मध्ये झाडाचं मूळ खणताना चार तांब्याच्या वस्तू सापडल्या, बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस. चारही भरीव ओतलेल्या, मिळून साठ किलोच्या वर वजन, आणि वय जवळपास चार हजार वर्षं. मुंबईच्या शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ती म्हैस बघून मी अर्धा तास हललो नव्हतो. ओतकाम करणाऱ्याला कळतं की एवढा भरीव धातू एकदम ओतायचा म्हणजे मूस किती आणि भट्टी किती पेटवली असेल.

आणि तुम्ही कोकणातले ना, मग अलिबागजवळ सासवण्याला गेलायत का कधी? विनायक पांडुरंग करमरकर तिथलेच, १८९१चा जन्म, पुण्याचा १९२८चा घोड्यावरचा शिवाजी महाराजांचा ब्रॉन्झ पुतळा त्यांचा. घोड्याचं गणित त्यांनाही सुटलेलं होतं आणि रेमिंग्टनपेक्षा कितीतरी पट मोठ्या आकारात. सासवण्याच्या त्यांच्या घरात संग्रहालय आहे, बघा आणि मग परत भांडायला पत्र लिहा. कोलंबीचं कालवण माझ्याकडे.

प्रश्न : मी आर्ट कॉलेजला आहे, रत्नागिरीचा. आमच्या वाडीत वाघरू, म्हणजे बिबट्या, येतं, गेल्या वर्षी गोठ्याच्या छपरावर बसलेलं मी पाच मिनिटं बघितलं. मला ते ब्रॉन्झमध्ये करायचंय. कुठून सुरुवात करू?

तुझ्या पत्राने दिवस चांगला गेला माझा.

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका खडकावर एडवर्ड केमिस नावाच्या शिल्पकाराने १८८३मध्ये असंच एक जनावर बसवलंय, दबा धरून बसलेला प्यूमा (अमेरिकेतलं बिबट्यासारखं जनावर), रस्त्याच्या वर, आणि वळणावर पळायला येणारी माणसं आजही दचकतात. चबुतरा नाही, कुंपण नाही, ज्या दगडावर बसला असता त्याच दगडावर. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या दारातले दोन सिंहही त्याचेच. त्या प्यूमाचा फोटो शोधून बघ, खांद्याची हाडं पाठीच्या वर कशी आलीत ते बघ. तू छपरावर पाच मिनिटं बघितलंस तेही तेच असणार.

आधी चिकणमातीत कर, आतून तारेचा सांगाडा घाल, आणि हाताएवढंच कर. मोठं केलंस तर ओतायचे पैसे नाहीत आणि वाळताना तडकेल. शेपटी अंगाला धरून ठेव, हवेत सोडलीस तर धातू टोकापर्यंत जायच्या आधीच गोठतो, माझे सुरुवातीचे पंखे असेच पात्याच्या टोकाला अर्धे यायचे. माती जमली की त्यावर सिलिकॉन रबराचा साचा घे, त्यात गरम मेण फिरवून चार-पाच मिलिमीटर जाडीचं पोकळ मेणाचं वाघरू काढ. याच वेळी चेहऱ्यावर परत काम करता येतं, घाई करू नकोस. मग मेणाला धातू जायच्या आणि हवा निघायच्या नळ्या मेणाच्याच लावतात, बाहेरून साच्याचा थर चढवतात, भट्टीत मेण वितळून निघून जातं आणि त्या पोकळीत साधारण अकराशे डिग्रीचा ब्रॉन्झ ओततात. नंतर नळ्या कापणं, सांधे भरणं, घासणं आणि रंग.

ओतणं तू स्वतः करायचं नाहीस, जाणत्या फाउंड्रीत द्यायचं, आणि जून ते सप्टेंबर तर मुळीच नाही. साच्यात ओल राहिली आणि वर तापलेला धातू पडला की वाफ बाहेर यायला जागा शोधते आणि धातू छपरापर्यंत उडतो. माझ्या डाव्या मनगटावर त्याची खूण आहे. दिवाळीनंतर ओत, तोवर पावसाळाभर मातीत काम कर, गोठ्यावरचं ते वाघरू परत आलं तर फोटो काढायला पुढे जाऊ नकोस, घरातूनच बघ, आणि मेणापर्यंत पोचलास की मासिकाच्या पत्त्यावर कळव, नळ्या कुठे लावायच्या ते मी कागदावर काढून देतो.